मामांचं नाक

सबंध मिशिगन राज्यात स्वतःच्या नाकावर इतका विश्वास आणि डोळ्यांवर इतका अविश्वास असलेला माणूस माझ्या मामांखेरीज दुसरा नसेल. मोटारीच्या कंपनीतून निवृत्त झालेले मामा नोव्हायमध्ये आमच्या पलीकडच्या गल्लीत राहतात. त्यांना तांबड्या-हिरव्यातला फरक कळत नाही, आणि कळत नाही हे कबूल करणं त्यांच्या स्वभावात नाही. एका दिवाळी पार्टीला सगळ्यांनी हिरवं घालायचं ठरलं होतं. मामा विटकरी कुडता घालून आले आणि लोक हसले तेव्हा म्हणाले, "रंग बहुमतानं ठरत नसतो!"

नाकाची गोष्ट निराळी. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी जन्मतःच नाजूक आहेत. काही औषधं किंवा डांबरगोळ्यांचा उग्र वास त्यांना सोसत नाही. पेशी फुटतात, कावीळ होते. त्यामुळे सणासुदीला बॅगांमधले रेशमी कपडे बाहेर निघाले की मामा दारातच प्रत्येकाला हुंगतात. एका नव्या नवरीला ते म्हणाले, "पैठणी फार छान आहे हो. ती घेऊन जरा डेकवर बसतेस का?" बाहेर बर्फ पडत होतं.

मी हसत नाही, कारण नजरेच्या आणि रक्ताच्या या दोन्ही गोष्टी मलाही आहेत. आजीकडून मामांना, आईकडून मला. बापाकडून त्या मुलीकडे जातातच. तिला स्वतःला सहसा त्रास होत नाही, पण तिच्या मुलाला मिळण्याची शक्यता निम्मी. माझ्या इराला मुलगा झाला तेव्हा मला तिच्या डोळ्यांत बघवेना. "बाबा, इट्स नॉट युअर फॉल्ट," ती म्हणाली, आणि मला जास्तच अपराधी वाटलं. बाळाचं रक्त तपासायला गेलं होतं.

त्यातच पुण्याहून विहीणबाई आल्या. जुन्या लुगड्यांचं मऊ दुपटं त्यांनी बॅगेतून काढलं मात्र, मामा दारातून ओरडले, "थांबा! दुपटं गॅरेजमध्ये!"

"अहो, ट्रंकेत चार डांबरगोळ्या होत्या, एवढंच! आमची सगळी पोरं यातच वाढली."

"वाढली असतील. रिपोर्ट येईपर्यंत हे घरात येणार नाही."

खरं तर हे मी बोलायला हवं होतं. पण आधीच हे रक्त आमच्याकडचं. वर व्याह्यांना दुखवायचं कुठल्या तोंडानं? मी पाण्याचा ग्लास घेऊन नुसता उभा राहिलो. विहीणबाईंचा सगळा राग मामांनी एकट्यानं अंगावर घेतला, आणि रोज सकाळी येऊन त्यांना "चहा झाला का?" विचारत राहिले. त्या पाठ फिरवून स्वयंपाकघरात जात.

शेवटी इराला फोन आला. "बाबा, नॉर्मल! ही इज फाइन!" मी जिन्यातच बसलो आणि रडलो. दोन्ही दोष गुणसूत्रावर शेजारी-शेजारी असतात, सहसा जोडीनंच उतरतात, तेव्हा रंगांची नजरही बहुधा चांगली असेल, असं डॉक्टर म्हणाल्याचं तिनं सांगितलं. विहीणबाई किती दिवसांनी मामांशी बोलल्या, "आता धुऊन घेऊ ना दुपटं?"

"घ्या. माझी नोकरी संपली."

मग मामांनी बाळाला उचललं आणि खिडकीशी नेलं. बाहेर मेपलची झाडं होती. पानगळीआधीच्या या आठवड्यात त्यांची रंगलेली पानं बघायला माणसं कुठून कुठून गाड्या काढून येतात. मला आणि मामांना ती सगळी सारखीच मातकट दिसतात. मामा बाळाच्या कानाशी वाकले.

"लवकर बोलायला लाग रे राजा. बाहेर नक्की काय चाललंय, ते आम्हा दोघांना एकदा सांग."