छातीशी धरलेली चार अंडी

मला हार्ट अ‍ॅटॅक आलेला नाही, हे लोह्याच्या एका दवाखान्यात एस्टीभर माणसांच्या साक्षीनं सिद्ध झालं. त्याची लाज मला अजून वाटते.

नांदेडला आमच्या गच्चीवर जाळीच्या खोलीत मी कॉकटील पोपटांची जोडी पाळली होती. मादीनं चार अंडी घातली, आठ दिवस उबवली आणि नवव्या दिवशी घरट्याची पेटी सोडून दिली. "हिला आईचं काळीजच नाही!" मी जाहीर केलं. लातूरची माझी मेहुणी, अक्का, हेच पक्षी पाळते. तिची एक मादी आठवड्यापासून अंड्यांवर बसलेली. तिच्याखाली आपली अंडी सरकवायची, ती दाई होऊन पिल्लं वाढवील, असा बेत मी केला. (बायकोला सांगितलं, अंडी फेकली. तिला माझ्या उचापती आवडत नाहीत.)

अंडी कापसात गुंडाळून शर्टाखालच्या बंडीच्या खिशात ठेवली. अंगाची ऊब! बहिणीला भेटायला बायकोही निघाली. एस्टीत तिला पुढं जागा मिळाली, मी मागं उभा. गर्दी वाढली तशी मी दोन्ही हातांनी छाती धरली आणि खड्ड्यागणिक "आई गं!" म्हणू लागलो.

"काका, छातीत दुखायलंय का?"

"नाही, नाही! हात लावू नका!"

"घाम बघा किती सुटलाय! ओ कंडक्टर, अ‍ॅटॅक हाय!"

खरं सांगायला तोंड उघडलं, तर एका म्हातारीनं त्यात अर्धी बाटली पाणी ओतलं. बायकोनं मागं वळून पाहिलं आणि हंबरडा फोडला. ड्रायव्हरनं एस्टी थेट दवाखान्याच्या दारात नेली! चौघांनी मला उचललं. मी छाती सोडेना, त्यामुळं सगळ्यांची खात्रीच पटली.

डॉक्टरनं शर्टाची बटणं काढली, कापूस उलगडला.

"हे काय?"

"अंडी."

"कुणाची?"

दारात अख्खी एस्टी उभी. "माझी," मी म्हणालो.

कुणीच हसलं नाही, तेच वाईट. ज्यानं "माझी कोर्टाची तारीख चुकू द्या, माणूस वाचला पाह्यजे" म्हणून मला खांदा दिला होता, तो घड्याळ बघू लागला. म्हातारी अजून माझ्यासाठी देवाचं नाव घेत होती.

लातूरपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही. अक्कानं अंडी मोबाईलच्या उजेडासमोर धरली.

"दाजी, आठ दिवसांच्या अंड्यात लाल शिरा दिसाय पाह्यजेत. ही रिकामी हायत. नराचा फोटो दाखवा बरं."

दाखवला.

"ह्यो नर? नराचं तोंड पिवळंजर्द असतंय. कधी शीळ घालतोय का?"

"नाही. मला वाटलं, स्वभावानं गंभीर आहे."

"अवो, दोन्ही माद्याच हायत!"

बायकोनं तोंड उघडलं ते आत्ता. "म्हंजे त्या बिचारीला कळलं होतं. आन् तुम्ही तिलाच नावं ठेवलाव!"

मी शाळेत विज्ञान शिकवतो. सोमवारी दहावीला प्रजननाचा धडा होता.

मी रजा टाकली.