मीठ बघणाऱ्या पंचफुलाबाई

सकाळची गडबड होती. पुनम नवऱ्याच्या डब्यासाठी पोळ्या लाटत होती, आणि लखन एक मोजा सापडत नाही म्हणून सगळं घर डोक्यावर घेऊन फिरत होता.

"अहो, पायातच आहे की!"

"दुसरा म्हणतोय मी, दुसरा!"

लखनची आई, पंचफुलाबाई, जमिनीवर पाय पसरून मेथी निवडत होत्या. मुलाच्या मोज्यावर त्या बसल्या होत्या, पण ते अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तेवढ्यात दार वाजलं. ठक्, मग जरा थांबून परत ठक्. पंचफुलाबाईंनी मेथीची जुडी बाजूला सारली. ही नीलम्मा. तिच्या हातात वाटी असते, म्हणून ती कोपरानं दार वाजवते.

गुडघ्यावर हात ठेवून त्या उठेपर्यंत पुनमनं दार उघडलंसुद्धा.

"अव्वा कुठं हायत? मीठ बघायचं होतं. माझा सोमवार हाय ना," नीलम्मा म्हणाली. पदराखालच्या वाटीतून वाफ येत होती.

"नीलम्माताई, आजपासून आईंचं मीठ बंद. काल डॉक्टरांनी बीपी बघितलं आणि आधी मलाच रागावले."

"म्हंजी चाखायचं पण न्हाई?"

"चाखणं म्हणजे खाणंच की! हिची डाळ, त्याचा भात, दिवसभर किती मीठ पोटात जातं, कुणी बघितलंय?"

नीलम्मानं एकदा वाटीकडे पाहिलं, एकदा मागं उभ्या राहिलेल्या पंचफुलाबाईंकडे. मग चोरीचा माल असावा तशी वाटी पदराखाली दडवून ती निघून गेली.

"मोजा सापडला!" लखन आतून ओरडला. कुणी हसलं नाही.

नांदेडात गोदावरीच्या काठाला लागून असलेली ही गल्ली तशी शांत. घाटाकडं जाणारा मोठा रस्ता अलीकडंच वळतो, त्यामुळं गर्दी तिकडून जाते आणि गल्लीत नुसते वास येतात. सकाळी धम्मानंदच्या कढईतल्या निलंगा राईसचा, हळद-मिरचीचा झणका. धम्मानंदही निलंग्याचाच, रोज घाटाजवळ गाडा लावतो. दुपारी नीलम्माच्या खानावळीतली लसणाची फोडणी. ती देगलूरकडची, कोचिंगची पोरं तिच्याकडं जेवतात. आणि दिवस कलला की शेजारच्या खैरूनबीच्या खट्ट्या दालीतली चिंच.

लखनला रेल्वेच्या ऑफिसात नोकरी लागली, तेव्हा पंचफुलाबाई अहमदपूरजवळचं गाव सोडून इथं आल्या. शेत वाट्यानं दिलं, म्हैस विकली. इथं आल्यावर बोलायला माणूस नाही. गावात उंबऱ्यात उभं राहिलं तरी दोन बाया थांबत. इथं सगळी दारं लोटलेली. त्या खिडकीशी बसून नुसता वास घेत.

मग रमजान आला. एका संध्याकाळी भिंतीपलीकडून हाक आली, "ओ लखन की अम्मा! रोजा है मेरा, जरा नमक देखो ना."

पंचफुलाबाईंनी तोवर परक्या घरचं पाणीसुद्धा सासूला विचारल्याशिवाय घेतलं नव्हतं. सासू जाऊन बरीच वर्षं झालेली, पण सवय कुठं जाते? त्यांनी डाळीचा थेंब तळहातावर घेतला, जिभेला लावला, डोळे मिटले.

"मीठ बरुबर हाय. चिंच लई झाली."

"चिंच का कौन पूछा!" खैरूनबी एवढी हसली, की पलीकडच्या घरातून नीलम्मा बघायला आली. दर सोमवारी उपाशीपोटी पोरांचा स्वयंपाक करणारी नीलम्मा. तिला त्या दिवशी आपलं मीठ बघणारं माणूस सापडलं.

धम्मानंदचा उपासबिपास काही नव्हता. त्याचं कारण वेगळं. "मावशी, तंबाखूनं माझी जीभच मेली."

"मंग तंबाखू सोड की."

"सोडला तर तुमी माझ्या गाड्यावर येताल कामून?"

असं करत पंचफुलाबाईंना सगळी गल्ली चवीनं ओळखू यायला लागली. आपण जिला अंबाडी म्हणतो, तिला नीलम्मा पुंडी म्हणते आणि खैरूनबी अंबाडा. भाजी एकच, पण एकीत भरपूर डाळ, दुसरीत लाल मिरचीचा मारा. मटणाचा रस्सा त्या चाखत नसत, माळ होती गळ्यात. पण खैरूनबीनं झाकण उघडलं की दुरून वास घेऊन सांगत, "टाक अजून जरासं." गुरुद्वाऱ्यातल्या लंगरच्या डाळीबद्दल मात्र कधी चकार शब्द नाही. पंगतीत दोन्ही हात पुढं करून पोळी घ्यायच्या आणि घरी येऊन तशी डाळ करून बघायच्या. तशी ती कधी झाली नाही.

आणि आता हे.

नीलम्मा गेल्यावर जरा वेळानं धम्मानंदचा गाडा आला. रोज तो खिडकीखाली थांबायचा, झाकण उचलायचा. आज चाकं थांबलीच नाहीत.

"ए धम्मा! मीठ बघायचं न्हाई का?"

"जय भीम मावशी. नीलम्माताईनं सांगितलं मला. तुमाला काय झालं तर गल्ली मला उभा जाळंल," असं म्हणत तो गाडा पळवतच पुढं गेला.

दुपार झाली तरी कुणाची हाक नाही. हाकेऐवजी डबे यायला लागले. आधी नीलम्मा आली. "अव्वा, तुमच्यापुरती पुंडी येगळी काढली. बिनमिठाची." मग धम्मानंदनं माघारी जाताना राईसची ताटली खिडकीतून आत सरकवली. "खास तुमच्यासाठी येगळा केला, मीठ टाकलंच न्हाई." दिवस मावळायच्या आधी खैरूनबीकडून दहीवडे आले. तेही तसेच.

पुनमला भरून आलं. "बघा आई, किती जीव आहे सगळ्यांचा तुमच्यावर!"

पंचफुलाबाईंनी पुंडीचा घास घेतला. आंबट लागलं, तिखट लागलं, आणि मधे काहीच नाही. लगीनघरातनं वऱ्हाड निघून गेल्यासारखं. त्यांनी ताट सारलं.

"खा ना आई."

"मी काय आजारी हाय का? सकाळधरनं जो तो येतो, डबा ठेवतो, तोंडाकडं बघतो अन् जातो. बोलत कुणी न्हाई."

संध्याकाळी लखन घरी आला तो पाणी पीतच. "डब्याबरोबर धम्माचा राईस मागवला, त्यानं आज आख्ख्या ऑफिसला पाणी पाजलं. एवढा खारट!" त्याच्या मागोमाग खैरूनबी आणि नीलम्मा आल्या. यंदाचाही रमजान चालू होता; नुकताच रोजा सुटला होता, खैरूनबीच्या चेहऱ्यावर तरतरी होती.

"कैसे थे दहीवडे?"

"माझं राहू दे. तुझी डाळ कशी झाली ते सांग," पंचफुलाबाई म्हणाल्या.

खैरूनबीनं पदर सावरला. "सच बोलू? एकदम फीकी. सब लोगां ऊपरसे नमक डालके खाए."

"माझी तर उलटी गत," नीलम्मा म्हणाली. "टाकलं का न्हाई, टाकलं का न्हाई, म्हणून दोनदा टाकलं. पोरांनी ताक मागून मागून जीव खाल्ला."

आता पुनमलाही हसू आवरेना. पण हसता हसताच ती म्हणाली, "ते खरं, पण डॉक्टरांचं मला ऐकावंच लागेल."

"हव, हव, डाक्टर की बात सही है. वैसे तो हमारे में बी जीभ की नोक पे रखके थूक देते कुछ लोगां, रोजे में. मेरेकू डर लगता, घूँट उतर गया तो? इसलिए तो इनकू बुलाती मैं."

पंचफुलाबाई सरळ होऊन बसल्या. "थुंकून टाकायचं? अन् मीठ कळतं?"

"जीभ को कळता ना. पेट को क्या करना उससे?"

"अव्वा, माझी पुंडी थुंकणार तुमी?" नीलम्मानं डोळे मोठे केले.

पुन्हा हसू उसळलं. पंचफुलाबाई मात्र हसल्या नाहीत. अन्न थुंकायचं म्हणजे त्यांच्या जिवावर आलं. ताटात शीत राहिलं तर त्यांनी लखनला लहानपणी उठू दिलं नव्हतं. डाळीचा थेंब घ्यायच्या तो तळहात त्यांनी पदराला पुसला. मग त्यांनी सुनेकडं पाहिलं.

"पुनम, आजचा दिवस लई मोठा गेला बघ. जेवायला तू दिशील ते बिनमिठाचं खाईन, कुरकुर करणार न्हाई. गोळी पण घेईन वेळेवर. फक्त मला मीठ बघायला जाऊ दे. जिभेला लावीन, थुंकीन, चूळ भरीन."

"बरं आई, पण चूळ माझ्यासमोर भरायची," म्हणत पुनमनं पाण्याचा तांब्या भरून खिडकीत ठेवला.