भाजीचं फूल

पिंपळनेरच्या शाळेत मी मास्तर होतो, तेव्हाची गोष्ट. पुण्याच्या कॉलेजातल्या एका प्रोफेसरांनी गावोगावच्या मास्तरांना पत्रं धाडली होती: आपल्या भागातल्या रानझाडांचे नमुने वाळवून पाठवा. ना पगार ना मान, आणि मी हौशी गाढव! रविवारी चिखल तुडवत डोंगर चढायचा, फांदी आणायची, रद्दी कागदात दाबायची, रोज कागद बदलायचे. एक दिवस चुकला की बुरशी आलीच. घरची म्हणायची, "लुगडी वाळायला जागा नाही, आणि तुमचा पाला चुलीशी!" खरंच होतं तिचं. मीही पार कंटाळलो होतो.

एक वेल मात्र पिच्छा सोडीना. तीन पावसाळे मी तिची पानं पाठवली आणि तिन्ही वेळा उत्तर आलं, फुलाशिवाय ओळख पटत नाही. अहो, पण फूल दिसेल तेव्हा ना! शेवटी डोंगराखालच्या वस्तीतल्या एका भिल्ल म्हातारीला विचारलं. ती हसतच सुटली. "मास्तर, ती भाजी शे. फूल येऊ दिधं तं खासूत काय?"

मी कपाळावर हात मारला. श्रावणात कणगी रिकामी झाली की सगळी वस्ती त्या वेलीवर दिवस काढायची. कोवळं पान दिसलं की खुडलं. नमुन्यासोबत जाणाऱ्या चिठ्ठीवर स्थानिक नावाच्या रकान्यात मी 'भाजी' एवढंच लिहिलं.

"माय, यंदा थोडी राहू दे ना माझ्यासाठी," मी गळ घातली. मग झोपडीमागच्या बांधावरची आपली सगळी भाजी तिने राखली, भोवती काट्या लावून, शेजारणींशी भांडून. त्या दिवसांत तिच्या चुलीवर काय शिजत होतं, ते मी विचारलं नाही. त्याची लाज अजून जात नाही.

भादव्यात फूल आलं. पांढुरकं, मुगाच्या दाण्याएवढं. नमुना गेला आणि दिवाळीच्या सुमारास कार्ड आलं: सर्वत्र आढळणारी जात, पुन्हा पाठवू नये. झालं! एवढ्यासाठी हाडं झिजवली.

कार्ड खिशात घालून मी तिच्याकडे गेलो. कसं सांगावं ते सुचेना. तिनेच विचारलं, "तुनं काम व्हयनं का, मास्तर?"

"झालं, माय."

तिला केवढा आनंद झाला. म्हणाली, "बेस व्हयनं. पुढला साले बी राखसू."