हमिदाबीच्या घराचा पंचनामा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही असं ती चारचौघांत सांगत असते.

गेल्या आठवड्यात रत्नागिरीला बैठक होती. पुरानंतरची सरकारी मदत लोकांना वेळेवर मिळावी म्हणून नियमांत काय बदल हवेत, हे आम्हा निवृत्त तलाठ्यांना विचारायचं होतं. मी उठून म्हणालो, आमच्या पंचनाम्यावर अडून राहू नका. लोकांनी पहिल्याच दिवशी मोबाइलवर काढलेले फोटो ग्राह्य धरा. सगळ्यांनी माना डोलावल्या. हे कसं सुचलं, असं साहेबांनी कौतुकानं विचारलं. मी म्हणालो, अनुभव. कसला अनुभव — ते कुठे सांगितलं? आता पुढच्या बैठकीला जयगड खाडीकडच्या पूरग्रस्तांनाही बोलावणार आहेत. तेव्हापासून फोन वाजला की मी बायकोला उचलायला सांगतो. हमिदाबी आली तर?

हमिदाबी खाडीकाठच्या एका वाडीत राहते, मासे विकते. काही वर्षांपूर्वी भरती आणि पाऊस एकदम आले, तिच्या घरात कमरेएवढं पाणी शिरलं, नवऱ्याची जाळी वाहून गेली. पंचनामा मी करायचा होता. वाडीकडे जाणारा लहान पूल, आमचा साकव, बुडालेला, पलीकडे जायचं तर होडीनं — आणि मला पाण्याची भीती. हो, कोकणात जन्मून! तिसऱ्या दिवशी वरून फोन आला तेव्हा मी घरी पेपर वाचत होतो. बोलून गेलो — जाऊन आलो, त्या वाडीत नुकसान नाही.

आठव्या दिवशी साकव मोकळा झाल्यावर, आधी निरोप धाडून, गेलो. कशाला? कागदावर तिचा अंगठा हवा होता म्हणून. पंच माझ्या ओळखीचेच होते, त्यांच्या सह्या आधीच घेतलेल्या. बघतो तर घर लख्ख. भिंती धुतलेल्या, जमीन सारवलेली, चटई अंथरलेली.

"तुमी येनार म्हनून सगला धुऊन काढला, साहेब," ती म्हणाली. "चिखलात कसा बसवू तुमाला?"

घरी कुणी यायचं म्हणजे आधी झाडलोट — आपल्याकडे हे असंच. मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. चिखल असता तर निदान खोटं लिहिणं जड गेलं असतं. मी लिहिलं — घरात पाणी शिरल्याच्या खुणा नाहीत.

तिला मदत मिळाली नाही. नवरा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जायला लागला, त्याची होडी किनाऱ्यावर उलथी पडून राहिली. मी त्या बाजूनं जाणंच टाळलं.

पण खरं सांगायचं ते — ते अजून राहिलंच आहे.

तिला वाचता येत नव्हतं. अंगठा टेकवण्याआधी तिनं विचारलं, "जाल्यांचा पन लिवला ना, साहेब?"

मी म्हणालो, "सगळं लिहिलंय."

तिनं अंगठा उठवला, शाई फडक्याला पुसली आणि माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेली. मी थांबलो. तो चहा मी प्यायलो.