पल्याडची टेकडी

मामाजी, म्हणजे माझे सासरे, पहिल्या जागेवर कधीच बसत नसत. लग्नाच्या पंगतीत पान वाढून झालं की हे उठून समोरच्या ओळीत जायचे, कारण तिथून आचारी दिसतो. एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली तर ऊन कुठून येणार याचा विचार करून दुसरीकडे सरकायचे, आणि पहिली जागा कुणी घेतली की त्याच्यावर चिडायचे. घरात हे खपून जायचं. पण कार्तिक लागला, डोंगरात सांबरं माजावर आली, की हाच स्वभाव माझ्या स्कुटीवर मागे येऊन बसे आणि माझ्या रविवाराचं वाटोळं करी.

खरं तर हे काम त्यांच्या मुलाचं. पण माझा नवरा पुलगावला नोकरीला. रविवारी त्याला झोप हवी असे, आणि सांबराचं नाव निघालं की तो पांघरूण डोक्यावरून ओढून घेई. मी नवी सून, नाही म्हणायला अजून शिकले नव्हते. एकदा गेले ती कायमची अडकले. हिंगणीच्या पुढे मामाजींच्या साळ्याचं शेत आहे. शेत कसलं, तीन बरड टेकड्या आणि त्यांच्या मधल्या खळग्यांत तूर. त्यापुढे जंगल खात्याची हद्द सुरू होते. तिथे पाऊल टाकायचं नाही, हा नियम मात्र मामाजी कडक पाळत.

त्यांच्या वडिलांकडे परवान्याची भरमार, म्हणजे ठासणीची, बंदूक होती. मामाजींनी तिला कधी हात लावला नाही. बापानं कुठे बसायचं, ते ठरवणं एवढंच त्यांचं काम. पुढे शिकारीवर बंदी आली, बंदूक ठाण्यात जमा झाली, वडील वारले, पण यांचं काम काही सुटलं नाही. "बंदूक कोनीबी चालवते, सूनबाई," ते म्हणत, "जागा पाह्यणं सोपं नाई." इतकी वर्षं पाहून तुम्हाला अजून एक सापडली नाही, हे माझ्या जिभेवर यायचं. सासरे म्हणून गिळून टाकायचे.

त्यांना एकच गोष्ट पुन्हा पाहायची होती. तरुणपणी त्यांनी दोन नर झुंजताना पाहिले होते. शिंगांत शिंगं अडकलेली, दोघं तसेच उतारावरून घसरत खाली आलेले, आणि नेम धरून बसलेल्या बापानं बंदूक खाली ठेवलेली. का ठेवली, ते बापानं सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. ही हकिकत सांगताना त्यांचा आवाज इतका हळू होई की मलाही ती झुंज एकदा पाहावीशी वाटे. मी दर वर्षी का जात राहिले, याचं एवढंच उत्तर माझ्याकडे आहे.

शास्त्र त्यांचं पक्कं होतं. सकाळी हवा उतारावरून वर चढते, दिवस कलला की खाली उतरते, म्हणून संध्याकाळी आपण खालच्या अंगाला बसायचं. "नराच्या मागं लागू नको. माद्या कुठी चरतेत ते पाह्य. नर मंग येतेच." एवढ्यावर थांबले असते तर मी त्यांचे पाय धरले असते. पण येताना कुणाच्या तरी पऱ्हाटीचं एक बोंड तोडून ते खिशात घालत, आणि बसल्याबरोबर त्यातला कापूस पिंजून हवेत सोडत. टेकड्यांच्या खळग्यांत वारा एका दिशेनं कधी वाहतो का? कापूस जरा इकडेतिकडे गेला की मामाजी धोतर झटकून उभे. "इथी नाई. पल्याडच्या टेकडीवर बसू." पल्याडच्या टेकडीवर पोहोचलो की अलीकडची बरी वाटे. दिवस बुडेपर्यंत आमची अशी वरात चाले, आणि आम्ही सोडलेल्या जागेकडून सांबर ओरडलं की मलाच ऐकवत, तिथे बसायला हवं होतं म्हणून.

शिवाय वासाचे नियम. मी डोक्याला तेल लावायचं नाही, साबण लावायचा नाही, निघताना देवापुढे उदबत्तीसुद्धा लावायची नाही. स्वतः मात्र तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून बसत, आणि त्याचा वास मला चार हातांवर येई. एकदा मी धीर करून विचारलंच. सांबरांना खर्र्याची सवय असते, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

मग त्यांना काचबिंदू झाला. सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं, तर तिथेही खुर्च्या बदलत राहिले आणि नाव पुकारलं तेव्हा सापडेनात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधानं जपायची. परतताना स्कुटीवर मागून त्यांनी मला एवढंच विचारलं, "कार्तिकापर्यंत टिकीन का हे नजर?" मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

त्या कार्तिकात मी एकही रविवार चुकवला नाही. एका संध्याकाळी त्यांना सरळ दम भरला, "मामाजी, आज एकाच जागी बसाचं. तुमी उठले त मी घरी चालली." बिचारे बसले. तुरीत माद्या चरत होत्या, सगळं जुळून आलं होतं. मी पाण्याची बाटली काढायला वळले तेवढ्यात हे कापूस उडवून उठलेसुद्धा. त्यांच्या मागे मी चढ चढत असतानाच पाठीमागून शिंगं आपटल्याचा आवाज आला. धावत मागे आलो, तर नुसती धूळ. रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मामाजी म्हणाले, हवा फिरलीच असती.

पुढच्या वर्षी त्यांना हाताला धरून न्यावं लागलं. पहिल्या टेकडीच्या पायथ्याशी बसवलं, तर उठायचं नावच घेईनात. शेवटी मीच विचारलं, दुसऱ्या जागी जायचं का. "मले आता साऱ्या टेकड्या सारख्याच," ते म्हणाले. हेच ऐकायला मी इतकी वर्षं तळमळत होते, आणि आता ते ऐकवेना. काहीतरी द्यावं म्हणून मी हळूच सांगितलं, दोन नर आलेत, झुंजायला लागलेत.

ते बराच वेळ कान देऊन बसले. मग माझा हात थोपटून म्हणाले, "खोटं नको बोलू, सूनबाई. झुंज असली त ऐकू येते. नाई दिसली त नाई दिसली."

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

मार्गशीर्षात एका रविवारी मी एकटीच निघाले. नवरा पांघरुणातून उठून बसला. मी पहिल्याच टेकडीच्या पायथ्याशी जाऊन बसले. वारा पाहिला नाही, काही नाही. माद्या खाली तुरीत होत्याच. थोड्याच वेळात एक नर उतरला, मागोमाग दुसरा, आणि माझ्यासमोर त्यांनी शिंगांत शिंगं घातली. माती उडत होती, दोघं उतारावरून घसरत होते, अगदी त्यांनी सांगितलं होतं तसं.

मला आनंद व्हायला हवा होता. मला इतका संताप आला की मी उभी राहिले आणि त्या मोकळ्या बरडावर मोठ्यानं म्हणाले, "मामाजी, पहिलेच इथी काऊन नाई बसले तुमी?"

दोन्ही नर थबकले, शिंगं सोडवून वेगळे झाले आणि डोंगरात निघून गेले. मी तिथेच बसले आणि पोटभर रडले.