भिशीच्या भरवशावर हेज फंड

नातीचे साठवलेले पैसे मी हेज फंडात घालायला लावले, आणि तेही भिशीच्या भरवशावर. म्हणजे फंड भिशीसारखाच चालत असणार, असं मी धरून चालले. विचारलं कुणाला? कुणालाच नाही. विचारायची सवयच नव्हती. आमच्या राजेंद्र नगरात बायका मला विचारायला यायच्या.

तिशीतच मी कॉलनीची भिशी चालवायला घेतली होती. भाजी आणायला निघाले तरी चाल अशी, की अर्थमंत्रीणबाई दौऱ्यावर निघाल्यात. आम्ही चिठ्ठी काढायचो खरी, पण कुणाकडे लग्न निघालं, कुणाचं माणूस दवाखान्यात पडलं, की बाकीच्या आपणहून म्हणायच्या, "या महिन्यात तिला उचलू द्या." वर्षानुवर्षं हेच पाहिल्यावर माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की चार जणांचे पैसे एकत्र झाले की गरजेच्या माणसाला आधी मिळतात.

नात विजय नगरात कंप्यूटरच्या कंपनीत. पण जीव जुन्या दगडी इमारतींत. लहानपणी मी तिला कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर, राजघराण्याच्या त्या जुन्या दगडी समाध्यांवर, फिरायला न्यायची, तेव्हापासून. पडक्या इमारती दुरुस्त करण्याचं शिक्षण घ्यायचं म्हणून ती पगारातून थोडे थोडे बाजूला टाकत होती. तेवढ्यात माझा भाचा, आमच्या खानदानातला एकटाच श्रीमंत, जमीन विकून हेज फंडात, म्हणजे श्रीमंतांचे पैसे एकत्र करून बाजारात खेळवणाऱ्या फंडात, शिरायला निघाला. तिथे कोटीच्या खाली दारात उभं करत नाहीत म्हणे, आणि त्याला थोडे कमी पडत होते.

"तुझे घाल त्यात," मी नातीला म्हटलं. "एफडीत नुसते झोपा काढतायत."

"अरे यार आजी, ते बड़े लोगांचं काम आहे. कागदावर नाव पण काकाचंच राहणार. मला मधेच लागले तर?"

"मी आहे ना."

काय तो थाट! तेव्हाची ती बाई आज समोर आली, तर मी तिचा कान पिळून तिला पुन्हा पहिलीच्या वर्गात बसवीन.

पुढच्या वर्षी नातीला प्रवेश मिळाला. गरम जिलेबी घेऊन आली, चप्पल न काढता थेट स्वयंपाकघरात. मी ऐटीत भाच्याला फोन लावला.

"मावशी, तीन वर्षं त्याला हात लावता येत नाही. आधीच लिहून घेतलंय त्यांनी."

"अरे, पोरीची फी भरायची आहे. सांग ना तिथल्या लोकांना."

"कोणाला सांगू, मावशी? तिथे कोण कोणाला ओळखतं? माझेही सगळे त्यातच आहेत."

फंडानं फसवलं असतं तर निदान शिव्या तरी दिल्या असत्या. तसंही नाही. ज्यांना पैसे ठेवून विसरता येतात, कमी झाले तरी ज्यांचं जेवण चुकत नाही, त्यांच्यासाठीच ती जागा होती. माझ्या नातीच्या पैशांना विसरायची सोय नव्हती. ते लागणारच होते. तिला हे माझ्याआधी कळलं होतं, आणि मी तिला गप्प केलं होतं.

घरावर आधीच कर्ज. माझ्या पाटल्या तिच्या आजोबांच्या आजारपणात गेलेल्या. भिशी तर कधीचीच मोडली होती. त्यातल्या अर्ध्या जणी आता भिंतीवर हार घालून आहेत. फी भरायची मुदत गेली. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

त्या रविवारी ती मला स्कूटीवर बसवून कृष्णपुऱ्याला घेऊन गेली. मी पायरीवर टेकले. ती एका फुटलेल्या दगडी फुलावरून बोट फिरवत होती, हळूच, जणू त्याला दुखेल. मला राहवलं नाही. "पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर," मी म्हटलं, "तोवर मी..."

तिनं वळून माझ्या पदरावरची धूळ झटकली आणि म्हणाली, "आजी, बाकी काहीही म्हण. फक्त 'मी आहे ना' म्हणू नकोस आता."