दाजींचं समुद्रावरचं धुणं

पाण्यात पडलेला माणूस आधी काठ शोधतो. आमचे दाजी आधी साबण शोधतील. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. निवृत्त हेडमास्तर, मुक्काम टिळकवाडी, बेळगाव. अंगावरचा कपडा संध्याकाळपर्यंत धुऊन दोरीवर गेला नाही तर या माणसाला जेवण गोड लागत नाही. त्यांच्या लेकीनं, म्हणजे माझ्या भाचीनं, घेऊन दिलेलं वॉशिंग मशीन घरात आहे. त्यावर दाजी जुनी वर्तमानपत्रं रचून ठेवतात. "मशीनला कॉलर दिसती काय?" हा त्यांचा सवाल. लग्नाला गेले तर नवरानवरी बघण्याआधी मांडवामागचा नळ बघून येतात. बोरगावला एका बारशात अनोळखी पाहुण्याच्या शर्टावर आमटी सांडली, तर त्या गृहस्थाला बनियनवर बसवून यांनी शर्ट धुतला आणि वाळेपर्यंत त्याला उठू दिलं नाही. बिचाऱ्याची कोल्हापूरची गाडी चुकली. जाताना त्यानं दाजींचे आभार मानले की आणखी काही म्हटलं, ते मला नीट ऐकू आलं नाही.

अशा माणसाला भाचीनं जहाजाच्या सहलीला पाठवलं. मुंबईहून निघून गोव्यावरून लक्षद्वीपपर्यंत जायचं आणि परत यायचं. सोबतीला मी आणि माझी बायको. खरी हौस आक्काची होती. गोवा बेळगावपासून हाकेच्या अंतरावर, पण दर सुट्टीत कुणाचं दुखणं नाहीतर कुणाचं लग्न निघायचं, आणि आक्काचा समुद्र राहून जायचा.

जहाज सुटलं तेव्हा सगळे वर डेकवर होते. आक्का लहान मुलीसारखी किनाऱ्याकडं हात हलवत होती. दाजींचा पत्ता नव्हता. खाली जाऊन त्यांच्या खोलीचं दार वाजवलं तर आतून आवाज आला, "ये की, पण वाकून ये." दोरी, चिमटे आणि साबणाची वडी ते घरूनच घेऊन आले होते. प्रवासातले कपडे बेसिनमध्ये धुऊन झाले होते, टॉवेलात गुंडाळून पिळूनही झाले होते, आणि बाल्कनीत दोरी बांधणं चाललं होतं. तेवढ्यात जहाजावरच्या एक बाई आल्या आणि बाहेर दोरी बांधता येणार नाही, वाऱ्यानं कपडे उडतात, असं हिंदीतून हसत सांगून गेल्या. दाजींनी नियम मानला आणि दोरी आत घेतली. कपाटापासून थेट काचेच्या दारापर्यंत.

"माझ्या समुद्रावर ह्यांची बनियनं वाळत्यात," आक्का माझ्या बायकोला म्हणाली. तेव्हा ती हसत होती. दुसऱ्या दिवशी हसू गेलं. "समुद्र बघायला आलासा का धुणं धुवायला?" तिनं विचारलं. "समुद्र कुठं पळतोय?" दाजी म्हणाले. "मोजे मात्र वाळायला पायजेत."

त्या संध्याकाळी कप्तानाबरोबर फोटो काढायचा होता. आक्कानं त्यासाठी हिरवी इरकल जपून आणली होती. ती नेसून टेबलाशी बसली आणि दाजींच्याच कोपरानं टोमॅटो सूपचा वाडगा तिच्या पदरावर उपडा झाला. आक्का उठून खोलीत गेली, साधी सुती साडी नेसली आणि पलंगावर भिंतीकडं तोंड करून बसली. हेडमास्तरांचा चेहरा मी पहिल्यांदाच नापास झालेल्या मुलासारखा झालेला पाहिला. त्यांनी इरकल उचलली, थंड पाण्यात धरली, शाम्पूचा थेंब टाकला आणि वाटीभर दुधात पडलेली माशी काढावी तशा हलक्या हातानं तो डाग काढला.

पण खोलीतली दोरी भरलेली, वाळवायची कुठं? "चल वर," ते आक्काला म्हणाले. आक्का हलेना. "अगं, साडीला चार कोपरे हाईत. मला हात दोनच." शेवटी ती उठली.

डेकवर माणसंच माणसं. मी घाबरून म्हटलं, "दाजी, इथं दोरी बांधू देणार नाहीत." "बांधतोय कोण? धरतोय," दाजी म्हणाले. एक टोक आक्काच्या हातात दिलं, दुसरं घेऊन स्वतः कठड्यापाशी उभे राहिले. वारा साडीत शिरला आणि ती टम्म फुगली. आक्का टोकासकट दोन पावलं पुढं ओढली गेली आणि एकदम खळखळून हसली. "अवो, घट धरा, मी चालले उडून!" लोक मोबाईल काढून फोटो घेऊ लागले. खाली कप्तानाचा फोटो कधीच उरकला होता. कुणाला त्याची आठवणही झाली नाही. समोर सूर्य पाण्याला टेकला, सगळा समुद्र तांबडा झाला, आणि साडी वाळली तरी आक्का टोक सोडायचं नाव घेईना.

आता आक्काचे गुडघे साथ देत नाहीत. जवळच गुंजीला मावशीकडं जायचं म्हटलं तरी रेल्वेच्या पायऱ्या आठवून ती नको म्हणते. परवा टिळकवाडीला गेलो होतो तेव्हा सहज विचारलं, "आक्का, परत जाऊया का जहाजावर?"

"मला आता कुठलं झेपतंय रं," ती म्हणाली. दाजी परसात बादलीपाशी होते. तिकडं एकदा बघून ती हळूच म्हणाली, "त्यांना तेवढं कवातरी घिऊन जा. तवा माझी साडी धरून समुद्राकडं पाठ करून हुबे ऱ्हायले हुते. त्यांनी समुद्र बघितलाच न्हाय."